सहलेखकाच्या पानावरची जाहिरात दाबावी का? नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

ऑनलाइन लिहायला लागून दोन-तीन महिने झाले, चार लेखकांशी ओळख झाली, की एक निरोप हमखास येतो. "लेख वाचला, मस्त जमलाय. जाता जाता दोन जाहिरातीही दाबल्यात. माझ्याही पानावर एक चक्कर टाक." निरोप प्रेमाचा असतो आणि पाठवणारा आपल्यासारखाच नवखा असतो. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

तरीही नाहीच म्हणायचं. जाहिरातीतली वस्तू तुम्हाला खरोखर बघायची असेल, तेवढा एक अपवाद. तो कसा ओळखायचा, आणि हा प्रकार आपल्याच पानावर झाला तर काय करायचं, ते पुढे क्रमाने सांगते.

मला हे कळलं ते मावशीमुळे. माझ्या पानावर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा मी तिला कौतुकाने फोन केला आणि बोलण्याच्या भरात सांगून बसले, "लोकांनी त्या दाबल्या की मला पैसे मिळतात." झालं. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की मावशी चष्मा लावून बसायची, माझं पान उघडायची आणि दिसेल ती जाहिरात उघडून बंद करायची. मग मला फोन: "आज पाच झाल्या गं!" महिन्याच्या हिशेबात 'अवैध क्लिक' या नावाखाली निम्म्याहून जास्त रक्कम वजा झालेली दिसली, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या पानावरच्या जाहिराती महिनाभरासाठी थांबवल्याचं पत्र आलं. यात मावशीचा काडीचाही दोष नव्हता. मीच तिला अर्धवट सांगितलं होतं.

पायरी १: पैसे कोणाच्या खिशातून जातात ते आधी समजून घ्या

क्लिकमागे पैसे मोजायची पद्धत १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने रुजवली. गुगलचं अ‍ॅडसेन्स २००३ मध्ये आलं आणि तुमच्या-माझ्यासारख्या लहान लेखकालाही आपल्या पानावर जाहिराती लावता येऊ लागल्या. व्यवहारात तिघं असतात: जाहिरात देणारा, ती पानोपानी पोचवणारी कंपनी आणि आपण. पैसे घालतो तो पहिला. मधली कंपनी आपला वाटा कापून घेते आणि उरलेलं आपल्याला देते. लेखांशेजारी दिसणाऱ्या जाहिरातींच्या कमाईतला ६८ टक्के वाटा लेखकाला मिळतो, हे गुगलने २०१० मध्ये जाहीर केलं होतं.

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणा. एक बाई हाताने बांधलेल्या वह्या विकतात. दिवसाला चाळीस क्लिक येतील एवढेच पैसे त्यांनी जाहिरातीसाठी बाजूला काढलेत. ती जाहिरात तुमच्या मैत्रिणीच्या लेखाखाली झळकली. मैत्रिणीला हातभार म्हणून पाच जणांनी ती प्रत्येकी तीनदा दाबली. चाळिसातले पंधरा क्लिक तिथेच संपले आणि वही एकही विकली गेली नाही. कंपनीच्या चाळणीत ते क्लिक अडकले तर बाईंचे पैसे वाचतात. नाही अडकले, तर दिवसाचे पैसे वेळेआधी संपतात आणि ज्याला खरोखर वही हवी होती त्याला ती जाहिरात दिसतच नाही. महिनाअखेर बाई आकडे बघतात: या पानावरून पंधरा भेटी झाल्या आणि दोन-दोन सेकंदांत संपल्या. त्या काय ठरवतील? "या पानावर जाहिरात नको."

म्हणजे तुम्ही मैत्रिणीला जे दिलंत ते तुमचं नव्हतंच. वह्यावाल्या बाईंच्या गल्ल्यातून न विचारता उचललेलं होतं.

आणि मैत्रिणीचा तरी फायदा होतो का? एखाद्या पानावरच्या क्लिकांतून जाहिरातदाराचा धंदा होत नाही असं आकड्यांवरून दिसलं, तर तिथल्या क्लिकचा दर आपोआप उतरवायचा, अशी सोय गुगलने २००४ मध्येच केली होती. मित्रमंडळींच्या पोकळ क्लिकांनी खऱ्या वाचकाच्या क्लिकचंही मोल घसरतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, त्यातला प्रकार.

हल्ली एक युक्तिवाद ऐकू येतो: "२०२४ पासून अ‍ॅडसेन्स क्लिकवर पैसे देतच नाही, जाहिरात नुसती दिसण्यावर देतं. मग क्लिक केला काय नि न केला काय?" अर्धी गोष्ट खरी आहे. अ‍ॅडसेन्सने हिशेब जाहिरात दिसण्यावर नेला हे खरं, पण अवैध क्लिकचा नियम कुठेही गेलेला नाही. उलट आता खोटं 'दिसणं'सुद्धा त्याच नियमात येतं. पान सतत रिफ्रेश करत बसणं, एकमेकांची पानं उघडून नुसती ठेवून देणं, हे सगळं त्यातच.

पायरी २: स्वतःला एकच प्रश्न विचारा

बोट जाहिरातीकडे वळलं की विचारायचं: हे पान अनोळखी माणसाचं असतं, तर मी ही जाहिरात दाबली असती का?

उत्तर हो असेल तर खुशाल दाबा. कॅमेरा घ्यायचं तुमच्या मनात आहे, मित्राच्या प्रवासलेखाशेजारी कॅमेऱ्याची जाहिरात आली, तुम्हाला ती बघायची आहे. जाहिरात त्यासाठीच असते. ओळखीच्याचं पान आहे म्हणून खऱ्या गरजेचा क्लिक दाबून ठेवायचं सोवळं कोणी पाळायला सांगितलेलं नाही. एकदा उघडा, नीट बघा, घ्यायचं तर घ्या.

उत्तर नाही असेल, किंवा "तसं नाही, पण बिचाऱ्याला तेवढीच मदत" असं काही मनात आलं, तर हात मागे घ्या.

मग कोणी म्हणतं, "पण माझ्या मनात काय होतं हे त्यांना कसं कळणार?" कळत नाही, आणि घोडं तिथेच अडतं. पोकळ क्लिकांचे पैसे लावल्याबद्दल जाहिरातदारांनी गुगलवर खटला भरला होता. २००६ मध्ये तो ९ कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीने मिटला. त्या निमित्ताने न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गुगलची क्लिक तपासण्याची पद्धत आतून पाहून अहवाल लिहिला. पद्धत वाजवी आहे असं मत त्यांनी दिलंच, पण एक मूळ अडचणही मांडली: क्लिक करणाऱ्याचा हेतू खात्रीने ओळखता येईल असं कोणतंही यंत्र नाही. मग यंत्राच्या हाती उरते ती वागणूक. क्लिक कुठून आला, किती वेळा आला, आधी काय झालं, नंतर काय झालं. तुमचा प्रेमळ क्लिक आणि लबाडाचा क्लिक तिथे एकसारखेच दिसतात.

आणि हे लहान पानावर चटकन उठून दिसतं. समजा, तुमच्या पानावर दिवसाला सहाशे भेटी होतात आणि त्यात चार-पाच क्लिक येतात. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. त्यात पाच स्नेह्यांचे पंधरा मिळवले की एका रात्रीत आकडा शेकडा तीनच्या वर. भेटी तेवढ्याच, क्लिक मात्र चौपट. धरणात घागर ओतली तर पत्ता लागत नाही. वाटीत ओतली की सांडतं. नवख्याचं पान ही वाटी असते, आणि नेमकं नवख्यालाच मदत करायला सगळे धावतात.

इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून, ठावठिकाणा लपवणारं व्हीपीएन लावून, वेगळ्या फोनवरून करू का, असंही विचारणारे भेटतात. इतकी लपवाछपवी करावीशी वाटते, यातच दुसऱ्या पायरीवरच्या प्रश्नाचं उत्तर आलं.

पायरी ३: स्वतःच्या पानावर हात आवरा

इथे अपवादही नाही. स्वतःच्या पानावरची जाहिरात कितीही आवडली तरी दाबायची नाही. जाहिरातदाराचं नाव वाचा, नवीन टॅब उघडा, तिथे ते टाइप करून शोधा. चुकून एखादा क्लिक झालाच तर घाबरून जाऊ नका. जाहिरात कंपन्यांनाही लेखकाचं बोट घसरतं हे माहीत असतं. लेख बघायचा असेल तर पान जाहिरातींशिवाय दाखवणारा पूर्वदृश्याचा पर्याय वापरा. मोबाइलवर स्वतःचा लेख वाचताना मी अंगठा पडद्याच्या कडेला ठेवून वर सरकवते. दिसायला वेडगळ दिसतं, पण सवय चांगली आहे.

वाचकांनाही दाबायला सांगायचं नाही. "आवडलं तर जाहिरातींवर क्लिक करून मदत करा" हे वाक्य साधं वाटतं, पण अ‍ॅडसेन्सच्या नियमांत ते सरळ मना आहे. जाहिरातीकडे बाण दाखवणं, तिच्या शेजारी लक्ष खेचणारं चित्र लावणं, क्लिकच्या बदल्यात काही देऊ करणं, हेही मना. वर मथळा द्यायचाच असेल तर 'जाहिराती' किंवा 'प्रायोजित दुवे' एवढाच.

घरातल्यांना मात्र सविस्तर सांगा. माझ्यासारखं अर्धवट नको. मी आता नवीन लेखकांना सांगते, घरच्यांना पैसे कसे मिळतात ते सांगूच नका. "लेख वाच आणि कसा वाटला ते सांग" एवढं पुरे. पैशांची भानगड कळली की माया उतू जाते.

पायरी ४: 'तू माझे, मी तुझे' म्हणणाऱ्याला उत्तर

साटंलोटं दोन प्रकारचं असतं. एक खासगी: एखाद्या मैत्रिणीचा निरोप. दुसरं संघटित: वीस-तीस लेखकांचा गट, रोजची यादी, "आज यांच्या पानावर, उद्या त्यांच्या", आणि कोणी किती केले याची हजेरी. दुसऱ्या प्रकारातून त्याच दिवशी बाहेर पडा. तिथे एकाचं खातं नजरेत आलं की त्याच माणसांचे क्लिक बाकीच्यांच्या पानांवरही सापडतात. निघताना भाषण देऊ नका. नियमात बसत नाही म्हणून बाहेर पडतो/पडते, एवढी एक ओळ पुरते.

खासगी निरोपाला मात्र वेळ द्या. समोरच्याला बहुधा नियम माहीतच नसतो. मी साधारण असं लिहिते:

"ताई, लेख वाचल्याबद्दल मनापासून आभार. एक विनंती, माझ्या पानावरच्या जाहिराती मदत म्हणून नका दाबू हं. असे क्लिक अवैध धरतात आणि माझं खातं बंद पडू शकतं. तुमचंही पडू नये म्हणून मी तुमच्या पानावर ते करत नाहीये. तुमचा कालचा लेख मात्र पूर्ण वाचला, विहिरीचा प्रसंग फार आवडला."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, आणि ते खरं असायला हवं. नकारासोबत हातात काहीतरी ठेवलं की माणूस दुखावत नाही. आजवर एकच बाई रागावल्या. त्यांना वाटलं मी शिष्टपणा करतेय. दोन महिन्यांनी त्यांचाच निरोप आला: खातं गेलं, आता काय करू? (त्याचं उत्तर सहाव्या पायरीत.)

पायरी ५: मग मदत करायची तरी कशी?

इथे कोणी नियमांचं पुस्तक दाखवत नाही, आणि खरा उपयोगही इथेच होतो. लेख शेवटपर्यंत वाचा. तुमच्या लेखात त्याचा दुवा द्या, पण नुसता "हेही वाचा" असा नको; का वाचावा याची दोन वाक्यं लिहा. असा एक दुवा वर्षभर वाचक आणत राहतो. त्या विषयाची ओढ असलेल्या एका माणसाला लेख पाठवा. पन्नास जणांच्या गटात ढकललेल्या दुव्यापेक्षा तो एक वाचक जास्त मोलाचा असतो.

चुका कळवा, पण खासगीत. मोडलेला दुवा, उलटी पडलेली तारीख, शुद्धलेखन. जाहीर कौतुकाच्या बाबतीत जरा हात आखडता घ्या. उंटाच्या लग्नात गाढव गवई आणि 'अहो रूपम् अहो ध्वनिः', असं लेखकमंडळींचं फार पटकन होतं, आणि बाहेरच्या वाचकाला ते लगेच कळतं.

पैशांचीच मदत करायची असेल तर सरळ करा. वर्गणीची किंवा ऐच्छिक देणगीची सोय असेल तर तिथे. पुस्तक काढलं असेल तर विकत घ्या. तुम्ही जाहिराती अडवणारं साधन वापरत असाल तर मित्राच्या पानापुरतं ते बंद ठेवा; जाहिरात रीतसर दिसू देण्यात काही गैर नाही. खरेदीचे दुवे (त्यावरून कोणी वस्तू घेतली की लेखकाला दलाली मिळते) देणाऱ्या मित्राकडून काही घ्यायचं असेल तर आधी त्या योजनेचे नियम बघायला सांगा. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत, उदाहरणार्थ, स्वतःच्याच दुव्यावरून स्वतःसाठी केलेली खरेदी धरत नाहीत.

पायरी ६: आपल्या पानावर असं झालंच तर

रोज आकडे बघत बसू नका, पण आठवड्यातून एकदा बघा. भेटी नेहमीइतक्याच आणि क्लिक अचानक तिप्पट-चौपट झाले, तर खूश होण्याआधी थांबा. एखाद्या स्नेह्याने 'भेट' दिली असण्याची शक्यता जास्त.

आधी विचारा. घरात, मित्रांत, गटात. "कोणी माझ्या पानावर जाहिराती दाबतंय का?" असं मोकळेपणाने, आरोपाचा सूर न लावता. मावशीने मला लगेच सांगितलं असतं, मी विचारलंच नाही. सापडलं तर तिथेच थांबवा. नाही सापडलं तर दिवस, वेळ, कोणत्या पानावर आणि कोणत्या देशातून भेटी आल्या ते टिपून ठेवा आणि जाहिरात कंपनीला कळवा. अ‍ॅडसेन्समध्ये त्यासाठी वेगळा अर्ज आहे. आपण होऊन कळवल्याने खातं वाचेलच अशी हमी नाही, पण पुढे अपील करायची वेळ आली तर ही टिपणं हाताशी असतात. क्लिकांचा मारा थांबतच नसेल तर त्या पानावरच्या जाहिराती काही दिवस स्वतःच काढून टाका. थोडी कमाई बुडेल. बुडू द्या.

महिन्याच्या मध्यावर दिसणारी रक्कम हा अंदाज असतो हेही ध्यानात ठेवा. अवैध क्लिकांचे पैसे वजा होऊन पक्का आकडा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ठरतो. अ‍ॅडसेन्समध्ये शिल्लक १०० डॉलरपर्यंत पोचल्यावरच पैसे मिळतात. नवख्याला तिथवर जायला कित्येक महिने लागतात आणि ९० डॉलरवर खातं बंद पडलं तर ते सगळे महिने पाण्यात. खातं बंद झालं की न दिलेली रक्कम अडवून धरतात आणि त्यातली जाहिरातदारांची असेल ती त्यांना परत करतात. दुसऱ्या नावाने नवीन खातं उघडायचा मोह तेव्हा होतो. तो टाळा, तेही नियमाबाहेरच आहे.

तात्पुरती बंदी असेल तर मुदत संपेपर्यंत लिहीत राहा, फक्त कारण शोधून मिटवा. खातं कायमचं बंद झालं असेल तर अपील करता येतं. अपिलात गयावया नको आणि "मला काहीच माहीत नाही" हेही नको. काय झालं, ते कसं कळलं, ते थांबवायला काय केलं, पुढे होऊ नये म्हणून काय बदललं, एवढं तारखांसह लिहा. त्या रागावलेल्या बाईंना मी हेच सांगितलं. त्यांनी गटाचं नाव, तिथे होत्या तो काळ आणि बाहेर पडल्याची तारीख, सगळं खरं-खरं लिहिलं. अपील फेटाळलं गेलं. त्या आता वर्गणीवर लिहितात. वाचक कमी आहेत, पण त्या म्हणतात की झोप लागते.

माझ्या जाहिराती महिन्याने परत सुरू झाल्या. मावशीला सगळं नीट समजावून सांगितलं तेव्हा ती आधी हिरमुसली, मग म्हणाली, "म्हणजे आता नुसतं वाचायचं?" हो म्हटलं. आठ दिवसांनी फोन आला.

"अगं, लेख चांगला आहे. पण 'दीर्घ' हा शब्दच तू ऱ्हस्व लिहिलायस."